रेडिएटरची अडकलेली झडप

‘रेडिएटर’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? घाट चढून दमलेला एखादा ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला आहे, त्याचे बॉनेट उघडलेले आहे आणि क्लीनर हातात पाण्याचा डबा घेऊन इंजिन निवण्याची वाट पाहत आहे. आपल्याकडे रेडिएटर म्हणजे हाच. इंजिनात नको असलेली उष्णता पाण्याने वाहून आणायची आणि वाऱ्यावर सोडून द्यायची, एवढेच त्याचे काम.

थंड देशांतील रेडिएटर मात्र घरात असतो. प्रत्येक खोलीत, बहुधा खिडकीखाली, भिंतीला लावलेला तो एक दोन-अडीच वीत उंचीचा, पांढरा रंग दिलेला चपटा पोकळ डबाच असतो. त्यातून गरम पाणी फिरते. ट्रकला उष्णता टाकून द्यायची असते, घराला ती हवी असते. यंत्र एकच, गरज उलटी. (नाव मात्र दोन्ही ठिकाणी फसवे आहे. ‘रेडिएटर’ म्हणजे प्रारणाने उष्णता देणारा. प्रत्यक्षात दोघेही बहुतेक उष्णता हवेच्या मार्फत देतात. घरातल्या रेडिएटरला लागून असलेली हवा तापते, हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी थंड हवा येते. म्हणजे मुख्य मामला अभिसरणाचा.) तो खिडकीखाली का बसवतात, हेही यावरून ध्यानात येईल. थंड काचेला लागून निवलेली जड हवा खाली घसरत असते. तिला रेडिएटरवरून उठणारा गरम हवेचा झोत वाटेतच गाठतो, त्यामुळे जमिनीलगत बसणाऱ्याच्या पायांना गारठा लागत नाही.

या रेडिएटरला खालच्या बाजूस दोन झडपा असतात, एक पाणी आत येण्याच्या वाटेवर आणि दुसरी बाहेर जाण्याच्या वाटेवर. त्यांपैकी एक बिघडली तर काय होते, ती कशी ओळखायची आणि कशी बदलायची, याची हकीकत आज सांगावयाची आहे. आपल्या घरांत ही झडप नाही, हे खरे. पण तिच्यात शिरलेले पदार्थविज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच आहे.

प्रथम हे पाहू की एका खोलीला पाणी लागते तरी किती. इंग्लंडातील एका बेताच्या खोलीला हिवाळ्यात १ किलोवॅट उष्णता पुरते असे समजा. म्हणजे दर सेकंदाला १ किलोज्यूल. पाणी ७०° सेल्सिअसला आत शिरते आणि ५०° ला बाहेर पडते, असेही धरू. एक किलो पाणी एक अंश निवले की ४.२ किलोज्यूल उष्णता देते. २० अंश निवले तर ८४ किलोज्यूल. याचा अर्थ असा की दर ८४ सेकंदांना एक लिटर पाणी त्या डब्यातून गेले की खोलीची सोय झाली! एवढी बारीक धार. हेच काम हवेकडून करून घ्यायचे तर २० अंशांच्या त्याच फरकाला, एक लिटर पाण्याच्या जागी सुमारे साडेतीन हजार लिटर हवा ढकलावी लागेल. उष्णतेची हमाली करण्यात पाण्याचा हात धरणारा द्रव सापडणे कठीण.

आता या बारीक धारेवर ताबा कोणाचा? दोन झडपांपैकी एकीच्या डोक्यावर १ ते ५ आकडे असलेली प्लॅस्टिकची मूठ असते. पाहणाऱ्याला वाटते हा साधा नळ आहे, ५ वर फिरवला की जास्त पाणी, १ वर फिरवला की कमी. पण हा नळ नव्हे. मुठीच्या आत मेण, द्रव किंवा वायू भरलेली एक बंद कुपी असते. खोलीतली हवा तापली की कुपीतला पदार्थ प्रसरण पावतो आणि खालच्या एका बारीक पिनेला दाबतो. पिनेच्या टोकाला रबरी चकती असते. ती पाण्याची वाट अडवू लागते. हवा निवली की कुपी आक्रसते आणि झडपेतली स्प्रिंग पिनेला परत वर उचलते. विजेची तार नाही, बॅटरी नाही. खोलीच्या हवेनेच आपल्या तापमानाचा कारभार पाहावा, अशी ही योजना आहे.

मुठीवरचे आकडे पाण्याचे माप सांगत नाहीत, तापमानाचे सांगतात. ३ म्हणजे साधारण २०°, आणि हिमकणाची खूण असते तेथे सुमारे ७°, म्हणजे नळ्या गोठू नयेत एवढीच ऊब. म्हणून बाहेरून कुडकुडत आलेला माणूस मूठ ५ वर फिरवतो तेव्हा खोली लवकर तापत नाही. थंड खोलीत ३ वरही झडप जवळजवळ पूर्ण उघडीच असते. ५ केल्याने एवढेच होते की खोली २० अंशांवर न थांबता पुढे तापत जाते आणि मग तोच माणूस खिडकी उघडतो. तिकडच्या पुष्कळ सुशिक्षित लोकांनाही हे ठाऊक नसते.

गंमत अशी की ट्रकच्या इंजिनातही मेणाची अशीच एक झडप असते, थर्मोस्टॅट नावाची. इंजिन थंड असते तेव्हा ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. पाणी ऐंशीच्या वर तापले की मेण वितळून फुगते आणि वाट उघडते. खोलीतली झडप तापल्यावर मिटते, इंजिनातली तापल्यावर उघडते.

स्वतःचे तापमान स्वतः राखणारी यंत्रे करण्याची हौस जुनीच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने आपली आच आपणच सांभाळणारी भट्टी केली होती आणि तेच तत्त्व अंडी उबवण्याच्या पेटीला लावले होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये बोनमँ याने नळ्यांतून गरम पाणी फिरवून कोंबडीची पिल्ले उबवली. म्हणजे माणसांच्या आधी ही सुखसोय कोंबड्यांच्या वाट्याला आली! रेडिएटरवरची स्वयंचलित झडप डेन्मार्कमधील मॅड्स क्लॉसेन या कारखानदाराने १९४३ साली शोधून काढली. आज युरोपात ती घरोघरी दिसते.

एवढे साधे यंत्र बिघडते कोठे? बहुधा पिनेपाशी.

माझा एक जुना विद्यार्थी उत्तर इंग्लंडातील लीड्स शहरात शिकतो. एका जुन्या घरात पाच जण मिळून राहतात. जानेवारीत त्याचा फोन आला. “सर, सगळ्या खोल्या उबदार आहेत, माझीच बर्फासारखी. मूठ ५ वर ठेवून तीन दिवस झाले.” खोलीतला तापमापक १३° दाखवत होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंडीच्या दिवसांत घरात निदान १८° तापमान असावे असे सांगितले आहे. त्याच्याहून हे पाच अंश खाली. अंगावर स्वेटर चढवून अभ्यास होईलही, पण आणखी एक गोष्ट होती. बाहेरच्या भिंतीवर, कपाटामागे, काळी बुरशी धरू लागली होती आणि त्याला दम्याचा जुना त्रास आहे. बुरशीचे कारणही उष्णतेच्या धड्यातलेच. २०° तापमानाच्या आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे १२° असतो. स्वयंपाकघरातली ओलसर उबदार हवा त्याच्या खोलीत शिरे, थंड भिंतीला लागे आणि तेथे तिचे दव होई. बुरशीला आणखी काय हवे?

“घरमालक काय म्हणतो?” मी विचारले.

“म्हणतो, मूठ नीट फिरव.”

“बरे, मग आपणच नाडी पाहू. हाताची मागची बाजू लावायची, तीही क्षणभरच. नळी साठ-सत्तर अंशांवर असेल, भाजशील.”

डॉक्टर जसा पोट चाचपतो तसा रेडिएटर चाचपता येतो. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल तर वर हवा अडकली आहे असे समजावे. पाणी तेथवर पोहोचत नाही. वर गरम आणि खाली मध्यभागी गार असेल तर तळाला गाळ बसला आहे. घरातले सगळेच रेडिएटर गार असतील तर दोष बॉयलरमध्ये किंवा पंपात शोधावा. या मुलाचा रेडिएटर खालपासून वरपर्यंत सारखाच गार होता. पण झडपेपर्यंत येणारी नळी चांगली तापलेली होती. म्हणजे उष्णता दारापर्यंत येत होती आणि दार बंद होते.

मग घरमालकाची परवानगी घेऊन त्याने मूठ काढली. ती हाताने फिरवून सुटणाऱ्या एका कड्याने बसवलेली असते. ती काढल्याने पाणी येत नाही, कारण पाण्याचा भाग खाली वेगळा बंद असतो. मूठ निघाली की पिनेचे टोक दिसते. ते काही मिलिमीटर वर आलेले असावे, आणि एखाद्या सपाट, कठीण वस्तूने दाबले की आत जाऊन स्प्रिंगमुळे परत वर यावे. येथे पिन आत रुतून बसली होती, वर येण्याचे नाव घेत नव्हती. असे का होते? उन्हाळाभर मूठ बंद ठेवलेली असते. पाच-सहा महिने चकती आपल्या बैठकीवर दाबून बसते, पिनेभोवती क्षार आणि गंज साचतो, आणि थंडी पडल्यावर मूठ उघडली तरी बिचाऱ्या स्प्रिंगमध्ये पिनेला सोडवण्याइतका जोर नसतो. (म्हणून जाणते लोक उन्हाळ्यात मूठ पूर्ण उघडी ठेवतात; बॉयलर बंद असल्यावर खोली काही तापत नाही.)

झडपेच्या अंगावर हलकेच ठोकून, पिनेला आत दाबून सोडून पुष्कळदा ती मोकळी होते. चिमट्याने धरून ओढणे मात्र वेडेपणाचे. ती निखळून हातात आली तर मागोमाग गरम, काळ्या पाण्याची चिळकांडी उडते आणि ती लवकर थांबवता येत नाही. त्याने अर्धा तास ठोकून पाहिले. पिन हलली नाही. तेव्हा मी त्याला तेथेच थांबवले. पुढचे काम ज्याला सवय आहे त्याचे. मुलाने काढलेले रुतलेल्या पिनेचे छायाचित्र पाहून घरमालकाने दोन दिवसांनी प्लंबर धाडला. मुलगा शेजारी बसून सगळे पाहत होता, म्हणून मला ते तुम्हांला सांगता येते.

नळ बदलायचा तर आपण गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करतो. येथे अडचण अशी की त्या खोलीच्या नळीला स्वतंत्र कॉक नव्हता. बॉयलर, पंप, नळ्या आणि सगळे रेडिएटर मिळून एकच बंद वाट, आणि तिच्यात दाबाखाली भरलेले पाणी. दाबमापक १.५ बार दाखवत होता; १ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. एक उपाय असा की तळमजल्यावरच्या निचऱ्याच्या तोटीला रबरी नळी लावून घरातले पाणी काढून टाकायचे. तसे करताना वरच्या रेडिएटरचे हवा सोडण्याचे स्क्रू उघडावे लागतात. न उघडले तर पाणी उतरतच नाही. सरबतात बुडवलेल्या स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट ठेवून ती बाहेर काढली म्हणजे आतले सरबत जसे लोंबकळत राहते, तसेच हे.

या प्लंबरने दुसरा उपाय केला, आणि तो मला फार आवडला. त्याने बॉयलर आणि पंप बंद केले आणि नळी पूर्ण निवू दिली. मग झडपेच्या अलीकडे तांब्याच्या नळीभोवती एक जाड वेष्टण गुंडाळले आणि त्यात अतिशय थंड होणारा फवारा सोडला. काही मिनिटांनी नळीच्या आत बर्फाचे बूच तयार झाले! पाण्याला पाण्यानेच अडवले. हे बूच दाबाने सुटून येणार नाही का? हिशेब करून पाहा. १५ मिलिमीटरच्या त्या नळीचा आतला व्यास साधारण १३.६ मिलिमीटर, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १.४५ चौरस सेंटिमीटर. दीड बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ दीड किलो. तेव्हा बुचावर सव्वादोन किलो वजनाएवढाच जोर येतो, आणि नळीला घट्ट चिकटलेले बर्फ तो सहज सोसते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, मग नळी कशी फुटली नाही, असेही कोणी विचारील. बूच वाढते तेव्हा पुढचे पाणी मोकळ्या वाटेने मागे सरकते. थंडीत नळ्या फुटतात त्या बहुधा बर्फ आणि बंद नळ यांच्या कात्रीत पाणी सापडते तेव्हा.

बाहेर जाणाऱ्या वाटेवरची दुसरी झडप त्याने पान्याने बंद केली. बंद करताना किती फेरे लागले ते मोजून कागदावर लिहून ठेवले. मुलाला हे विचित्र वाटले. पण त्या झडपेचे काम वेगळे आहे. पाटाचे पाणी सोडले की वरच्या अंगाचे शेतकरी आधी भिजवून घेतात आणि शेवटच्या शेताला थेंब पोहोचत नाही, ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. बॉयलरजवळचे रेडिएटर असेच पाणी लुबाडतात. म्हणून त्यांच्या दुसऱ्या झडपा थोड्या आवळून त्यांच्या वाटेत रोध वाढवतात. समांतर जोडलेल्या विद्युत्-रोधांचे गणित ज्यांनी केले आहे त्यांना यात नवे काही नाही. ते फेरे विसरले तर एक खोली तापते आणि दुसरी गारठते.

मग खाली तसराळे ठेवून जोडाचा नट सैल केला, वरचा हवेचा स्क्रू उघडला आणि डब्यातले पाणी निघाले. पाणी कसले, शाईच! लोखंडाची आणि पाण्याची सावकाश क्रिया होऊन काळे मॅग्नेटाइट बनते आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात साठतो तो वायू नेहमी हवाच असतो असे नाही. तो सोडताना जवळ काडी पेटवू नये. ही क्रिया मंदावण्यासाठी पाण्यात एक गंजरोधक द्रव घालतात. सगळे पाणी काढले तर तोही नव्याने घालावा लागतो. बर्फाच्या बुचाचा हा आणखी एक फायदा.

पुढचे काम भराभर झाले. जुनी झडप काढताना त्याने दोन पाने वापरले, एकाने झडपेचे अंग धरून ठेवायचे आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर तांब्याची नळीच पिळवटते. रेडिएटरमध्ये जाणाऱ्या आट्यांवर टेफ्लॉनची पांढरी फीत गुंडाळली. आपले जुने प्लंबर येथे सूत आणि सफेदा वापरत. नळीच्या बाजूला मात्र फीत लागत नाही. तेथे नटाच्या आत पितळेची एक बारीक बांगडी असते, ती नट आवळताना चेपून तांब्यावर घट्ट बसते आणि तोच जोड.

झडपेवर बाणाची खूण होती, ती पाहून मगच त्याने झडप बसवली. काही जुन्या धर्तीच्या झडपांत पाणी उलट्या दिशेने आले तर मिटत आलेली चकती पाण्याच्या ओढीने एकदम बैठकीवर आपटते, स्प्रिंग तिला उचलते, ती पुन्हा आपटते, आणि रात्री कोणी हातोडी मारत आहे असा आवाज घरभर घुमतो. दोन्ही दिशांना चालणाऱ्या झडपाही आता मिळतात.

बर्फ वितळले, दुसरी झडप मोजून तेवढेच फेरे उघडली, नव्या पाण्याची भर घालून दाब पुन्हा दीड बारच्या आसपास आणला आणि वरून हवा सोडली. पाणी तापले की दाब थोडा वाढतो. घरातल्या नळ्यांत समजा १०० लिटर पाणी असेल, तर १०° पासून ७०° पर्यंत तापताना ते दोन लिटरांहून थोडे अधिक फुगते. ते सामावून घ्यायला रबरी पडद्याची एक टाकी असते. पडद्याच्या पलीकडची हवा दबते आणि पाण्याला जागा देते.

तासाभरात रेडिएटर तापला. रात्री मुलाने पुन्हा फोन केला. खोली १९ अंशांवर आली होती, पण त्याची नवी शंका अशी की रेडिएटर आता कोमट का झाला, झडप पुन्हा बिघडली काय? बिघडली नव्हती, मूठ ३ वर होती आणि खोली इष्ट तापमानाजवळ आल्याने झडप मिटत चालली होती. त्याला मी एकच सूचना केली. खिडकीचा जाड पडदा मुठीवर पडू देऊ नकोस. पडद्याआड कोंडलेली गरम हवा कुपीला फसवते. तिला वाटते खोली तापली, आणि ती झडप मिटते. बिचारी आपल्या भोवतीची हवाच तेवढी जाणते.

तुम्हांला हे मेणाचे यंत्र चालताना पाहायचे असेल तर मोटार-गॅरेजमध्ये जाऊन जुना, काढून टाकलेला थर्मोस्टॅट मागा. त्यावर बहुधा एक आकडा कोरलेला असतो, ८२ किंवा ८८ असा. ते उघडण्याचे तापमान. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लोंबकळत सोडा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी १००° पर्यंतचा प्रयोगशाळेतला तापमापक धरा आणि मंद आचेवर पाणी तापवा. उकळते पाणी आहे, तेव्हा घरातले किंवा शाळेतले कोणी मोठे माणूस जवळ हवे. झडप हलू लागते ते तापमान लिहून घ्या, पूर्ण उघडते तेही लिहा. मग विस्तव बंद करून पाणी निवू द्या आणि ती कोणत्या तापमानाला मिटू लागते ते पाहा. उघडण्याचे आणि मिटण्याचे तापमान सारखे येते का? थर्मोस्टॅट गंजलेला असेल तर हा फरक आणखी वाढतो का, हे दोन-तीन निरनिराळे नमुने घेऊन पाहता येईल.